मिठाची जमीन आणि राबाची जमीन

कोंकणांत ज्यांचें जुनें घर आहे अशा बहुतेक कुटुंबांत पुरलेल्या धनाची एखादी कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. कोणाच्या कथेंत मोहरांचा हंडा असतो, कोणाच्या कथेंत त्या हंड्यावर वेटोळें घालून बसलेला नाग असतो, आणि बहुतेक कथांचा शेवट "तें आपल्या नशिबीं नव्हतें" या एकाच वाक्यानें होतो. आमच्या घरच्या कथेंत मोहरा नाहींत आणि नागही नाहीं. तींत एक तांब्याची चरवी आहे, चरवींत चांदीचे रुपये आहेत, आणि त्या चरवीपायीं जन्मभर मान खालीं घालून राहिलेली एक बाई आहे. या कथेचा एकदां काय तो निकाल लागावा म्हणून गेल्या मार्गशीर्षांत आम्ही पेण आणि रोहें या दोन्ही गांवीं जाऊन आलों. बरोबर आमचे थोरले बंधू अण्णा होते, विजेच्या शास्त्राचा पदवीधर असलेला पुतण्या होता, आणि त्यानें स्नेह्यांकडून मागून आणलेलीं, जमिनींतील धातु हुडकणारीं तीन यंत्रें होतीं. अशा यंत्रास हल्लीं सर्वजण 'मेटल डिटेक्टर' म्हणतात.

प्रथम ती कथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर चांदी महाग होत चालली. तोंपर्यंत रुपयाच्या बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी असे. १९४० सालीं सरकारनें तें प्रमाण निम्म्यावर आणलें, आणि पुढील दोन-तीन वर्षांत जुने पुऱ्या चांदीचे रुपये चलनांतून काढून घेण्याचा क्रम चालविला. खरें नाणें लोक घरांत दडवितात आणि हिणकस नाणें तेवढें बाजारांत फिरतें, हा जुनाच अनुभव. आमच्या आजीनेंही तेंच केलें. १९४३ सालच्या श्रावणांत, घरांतील पुरुष बाहेरगांवीं गेले असतां, तिनें राणीचे, एडवर्डचे आणि पंचम जॉर्जचे रुपये एका चरवींत भरले व गोठ्याच्या उत्तर कोपऱ्यांत ती चरवी पुरली. कंदील धरावयास होती तिची सहा वर्षांची मुलगी, म्हणजे आमच्या आत्याबाई.

१९५१ सालीं आजी तापानें गेली. जातांना "गोठा, उत्तर कोपरा" एवढेंच बोलली. तेराव्यानंतर पुरुषांनीं कोपरा खणला. हातीं कांहींच लागलें नाहीं. गोठ्याला लागून जी खोली होती तींत आत्याबाईंच्या काकाची विधवा बायको निजत असे. तिला कोणीं उघड शब्द लावला नाहीं. फक्त एके दिवशीं कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेवरून काढून दुसरीच्या कमरेला गेल्या. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस याचा अर्थ निराळा सांगणें नको. ती बाई वर्षाच्या आंत पेणला आली, दोन खोल्यांत बिऱ्हाड करून पापड लाटूं लागली आणि पोहे कांडून विकूं लागली. पुढें आत्याबाईंचें सासर पेणचेंच झालें, तेव्हां त्यांनीं काकूला शेवटपर्यंत पाहिलें. १९७९ सालीं ती वारली. अठ्ठावीस वर्षांत ती एकदांही रोह्यास गेली नाहीं.

आतां रोह्याजवळची ती पडीक जागा विकण्याचें ठरलें आहे. विक्री झाली कीं जमीन परक्याची. मग शोध घेणार कोण? अण्णांचें म्हणणें असें कीं रुपये निघाले तर सर्व भावंडांनीं वांटून घ्यावे. आत्याबाईंचें म्हणणें निराळें होतें. नव्वदीला टेकलेली ती माउली आम्हांस म्हणाली, "मला एक रुपया नको रे. चरवी तिथें आहे कीं नाहीं एवढें मला डोळे मिटण्याआधीं कळूं दे."

पेणला जाण्यास हमरस्ता आहे, परंतु आम्हीं दिव्याहून रोह्याकडे जाणारी आगगाडी पसंत केली. पनवेल मागें पडलें कीं आपटें, जितें, हमरापूर हीं स्थानकें लागतात. एका बाजूस सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूस भातकापणी उरकलेलीं सपाट शेतें. हमरापूर-जितें-जोहें या टापूंत घरोघर गणपतींचे कारखाने आहेत. चतुर्थीस अजून नऊ महिने अवकाश होता, तरी पडव्यांतून न रंगविलेल्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या रांगाच्या रांगा वाळत होत्या. पेणच्या कारागिरांना गणपति हा भाद्रपदाचा पाहुणा नव्हे. तो बारा महिने घरांत असतो. याच तालुक्यांतील गागोदें गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबा भाव्यांचा जन्म झाला. ज्या मुलुखानें 'सर्व भूमि गोपाळाची' म्हणत भूमि मागत हिंडणारा पुरुष दिला, त्याच मुलुखांत आपण भूमींतील रुपये हुडकावयास चाललों आहों, हा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं आत्याबाईंच्या घरून आम्ही खारेपाटांत गेलों. पेणच्या पश्चिमेकडील हा मुलूख खाडीनें आणि माणसानें मिळून घडविलेला आहे. भरतीचें पाणी अडविण्यास मातीचे बांध, पाणी सोडण्या-कोंडण्यास उघाड्या, बांध फुटला कीं पडणारी खांड, आणि खांड पडली कीं दोन-तीन वर्षें शेतांत भाताऐवजीं खारट चिखल, असा येथील शेतकऱ्याचा पिढीजात झगडा आहे. या जमिनींत आमचा शोध मुळींच नव्हता. परंतु पुतण्या म्हणाला, "काका, यंत्र कसें आहे हें दुकानांत कळत नाहीं, अवघड जमिनींत कळतें. आधीं येथें परीक्षा घेऊं."

या यंत्राचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. दांड्याच्या टोकास एक चकती असते व तींत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. एका वेटोळ्यांतून क्षणोक्षणीं दिशा पालटणारी वीज खेळविली कीं चकतीभोंवतीं चुंबकत्वाचें क्षेत्र पसरतें. त्या क्षेत्रांत एखादें नाणें आलें कीं नाण्याच्या अंगांत विजेचे भोंवरे उठतात. त्या भोंवऱ्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्यास लागते आणि कानांत सूर वाजतो. कल्पना जुनीच आहे. १८८१ सालच्या जुलैमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं अशाच साधनानें शरीरांतील गोळी शोधण्याचा यत्न केला होता. यश आलें नाहीं. डॉक्टरांनीं अंगाची उजवी बाजूच तपासूं दिली, आणि बिछान्यांतील लोखंडी स्प्रिंगांनीं यंत्राला घोंटाळ्यांत टाकलें. यंत्र बिघडलेलें नव्हतें. भोंवतालची जागा त्याला फसवीत होती. पुढें दुसऱ्या महायुद्धांत यूझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानें भूसुरुंग हुडकण्याचें सुटसुटीत यंत्र तयार केलें व १९४२ सालीं अल्-अलामीनच्या रणांगणांत त्याचा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर तींच यंत्रें नाणीं शोधणाऱ्या हौशी लोकांच्या हातीं गेलीं.

"किती खोल दिसतें?" हा अण्णांचा पहिला प्रश्न, आणि आम्हांस वाटतें प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तोच असावा. पुतण्यानें जें उत्तर दिलें तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. लहान वस्तूकडून परत येणारी चाहूल अंतराच्या सहाव्या घातानें घटते. म्हणजे नाणें दुप्पट खोल असेल तर सूर निम्मा नव्हे, चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून यंत्राची शक्ति दुप्पट केल्यानें खोली दुप्पट होत नाहीं. बोटभर वाढली तरी नशीब. सुटें नाणें वीतभर खोल मिळालें तर उत्तम म्हणावें. तेंच चरवीभर नाणीं एकत्र असतील तर तीं पुष्कळ खोलवरूनही बोलतात. परंतु त्यासाठीं मोठी चकती लागते. एक नाणें शोधावयाचें कीं भांडें शोधावयाचें, हें ठरविल्याशिवाय यंत्र घेणें म्हणजे रोग न पाहतां औषध आणणें होय.

आत्याबाईंनीं जपून ठेवलेला राणीचा एक रुपया आम्हीं दोऱ्यास बांधला, बांधाच्या आंतल्या ओलसर जमिनींत चार बोटें खोल पुरला आणि तिन्ही यंत्रें पाळीपाळीनें फिरविलीं.

पहिलें यंत्र एकाच वारंवारतेचें, सेकंदाला कांहीं हजार आंदोलनें करणारें. साध्या शेतांत तें शहाण्यासारखें वागतें आणि चांदी-तांब्याचा सूर निराळा व लोखंडाचा निराळा काढून दाखवितें. खारेपाटांत मात्र तें पाऊल टाकतांच किंचाळूं लागलें. मिठाचें पाणी वीज वाहून नेतें. सारी ओली जमीनच त्याला एक अवाढव्य पातळ नाणें वाटली. यंत्रावर जमिनीचा तोल साधण्याची कळ असते. चकती स्वच्छ जागेवर खालींवर हालवीत ती कळ फिरविली कीं मातीचा आवाज मिटतो. परंतु मिठासाठीं तोल साधला कीं लोहयुक्त मातीचा बिघडतो, आणि मातीचा साधला कीं मिठाचा बिघडतो. दोन सासवांची एक सून, अशी त्याची अवस्था!

दुसरें यंत्र एकाच वेळीं अनेक वारंवारता वापरणारें. मिठाचा प्रतिसाद सर्व वारंवारतांत सारखा नसतो. म्हणून एकीचें म्हणणें दुसरीशीं ताडून पाहिलें कीं मीठ वजा करतां येतें. या यंत्रानें चार बोटांवरचा रुपया तर सांगितलाच, पण आठ बोटांवरचाही कुजबुजत्या सुरांत सांगितला. तिसरें यंत्र स्पंदांचें. तें विजेचा एक ठोका मारून थांबतें व जमिनींतील भोंवरे किती वेळ रेंगाळतात तें ऐकतें. मिठांतले भोंवरे तत्काळ विरतात, चांदीच्या रुपयांतले रेंगाळतात. त्यामुळें क्षणभर उशिरानें कान लावला कीं मीठ गप्प होतें आणि रुपया बोलतो. खोलींत या यंत्राचा हात धरणारें दुसरें नव्हतें. मात्र त्याचेही दोन दोष दिसले. एक म्हणजे त्याला चांदी आणि लोखंड यांतील भेद नीट सांगतां येत नाहीं. पुतण्यानें मुद्दाम पुरलेल्या खिळ्यालाही त्यानें तितक्याच आदरानें सलामी दिली. दुसरा म्हणजे अगदीं लहान, पातळ सोन्याचे भोंवरेही मिठाप्रमाणेंच लवकर विरतात. शिवकालीन होनासारखें पावणेतीन ग्रॅमांचें नाणें उशिरा ऐकणाऱ्या यंत्राच्या कानांतून निसटूं शकतें.

आणखी एक गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. तोच रुपया आडवा न ठेवतां काठावर उभा करून पुरला तर तिन्ही यंत्रांचा सूर मंदावला. नाण्याची पुरी चांदवी चकतीकडे असावी लागते. तेव्हां जाहिरातींतल्या खोलीच्या गप्पा या, कोणी गुपचूप हवेंत धरलेल्या, आडव्या, मोठ्या नाण्याच्या असतात असें समजून चालावें. आणि खरेदीपूर्वीं आपलें नाणें आपल्या जमिनींत पुरून पाहावें.

तिसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें कासू, नागोठणें करीत रोह्यास पोहोंचलों. कोंकण रेल्वे म्हणून जो मार्ग प्रसिद्ध आहे त्याचा आरंभ येथेंच होतो; तो संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं खुला झाला. गांवाला वळसा घालून कुंडलिका नदी वाहते. भिऱ्याच्या वीजघरांतून सुटणारें पाणी तिला मिळतें, त्यामुळें कोंकणांतील इतर नद्यांचीं पात्रें उन्हाळ्यांत ओस पडतात तशी ही पडत नाहीं. उत्तरेस अवचितगड उभा आहे. गांवांत धावीर महाराजांचें देऊळ आहे. या ग्रामदैवताच्या पालखीस पोलिसांची सशस्त्र सलामी मिळते. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें बालपण याच परिसरांत गेलें. ते त्या पदावर आले १९४३ च्या ऑगस्टांत. म्हणजे आमची आजी ज्या पावसाळ्यांत रुपये पुरीत होती त्याच पावसाळ्यांत देशाच्या नोटांवर सही करण्याचा अधिकार रोह्याच्या परिसरांत वाढलेल्या एका पुरुषाच्या हातीं आला! आजीला याची दाद नव्हती, आणि असती तरी तिनें नोटेवर विश्वास ठेवला असता असें वाटत नाहीं.

या मातींत नाणें सांपडणें ही नवलाची गोष्ट नाहीं. कुंडलिका जेथें समुद्रास मिळते तेथें चौल आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनांत त्या बंदराचें नांव आलेलें आहे. दक्षिणेस मांदाडच्या खाडीजवळ कुडें येथें बौद्ध लेणीं आहेत, त्यांतील शिलालेखांत मांदवाच्या महाभोजांचा उल्लेख आहे. सातवाहनांचीं शिशाचीं नाणीं, शिवछत्रपतींची 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशीं अक्षरें मिरविणारी तांब्याची शिवराई, आंग्र्यांचा अलिबागी रुपया, कंपनी सरकारनें १८३५ पासून सर्वत्र एकसारखा पाडलेला १८० ग्रेनांचा रुपया, अशीं नाण्यांचीं किती तरी युगें या मुलुखानें पाहिलीं. परंतु म्हणून गड-लेण्यांवर यंत्र घेऊन हिंडावें असा याचा अर्थ नव्हे. संरक्षित स्मारकाच्या आवारांत परवान्यावांचून खणणें हा १९५८ च्या कायद्यानें गुन्हा आहे. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी, थरांतून उपटलेलें नाणें म्हणजे पोथींतून फाडलेलें पान. तें कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं पडलें होतें हें गेलें कीं त्याची अर्धी वाणी गेली.

आमची जागा रोह्यापासून दोन कोसांवर आहे. घर पडून पुष्कळ वर्षें झालीं. चौथरे उरले आहेत, त्यांवर रानतुळस आणि घाणेरी माजली आहे. मागील अंगणांत कुळांनीं कित्येक वर्षें राब भाजला होता. राब म्हणजे काय तें घाटावरच्या वाचकांसाठीं सांगतों. भाताचें रोप तयार करण्याच्या तुकड्यावर उन्हाळ्यांत पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून वर माती टाकतात आणि तें सारें पेटवून देतात. त्यानें तण मरतें व रोप जोमानें उठतें. परंतु सह्याद्रीच्या काळ्या दगडापासून झालेल्या या तांबूस मातींत मुळांतच लोहाचे बारीक कण असतात, आणि आंच लागली कीं त्यांपैकीं पुष्कळ चुंबकधर्मी होतात. जुन्या चुलीखालची माती, भाजलेलीं कौलें, विटा, यांचीही तीच कथा. त्यामुळें पेणला जो घोंटाळा मिठानें केला तो येथें अग्नीनें केला. पहिलें यंत्र राबाच्या तुकड्यावर गुरगुरतच राहिलें. दुसऱ्यानें बराच निभाव लावला, परंतु रुपयाची जी खूण त्यानें खारेपाटांत आठ बोटांवरून दिली होती, ती येथें पांच बोटांच्या पुढें लोखंडासारखी भासूं लागली. मातीच नाण्याच्या तोंडीं लोखंडाचे शब्द घालीत होती.

येथें अण्णांनीं मोठी चकती लावण्याचा आग्रह धरला. तो वरवर रास्त दिसतो, पण अर्धाच खरा आहे. मोठी चकती खोल पाहते हें खरें. पण ती एकदम अधिक मातीही पाहते, आणि माती खोटी बोलणारी असेल तर खोटेंही अधिक ऐकते. शिवाय पडक्या घराच्या जागीं खिळे, कोयंडे, नाल यांचा सुळसुळाट. मोठ्या चकतीखालीं एका वेळीं चार खिळे येतात आणि त्यांच्या आड नाणें लपतें. म्हणून पुतण्यानें प्रथम लहान चकतीनें वरची वीतभर माती साफ केली. दिवसभरांत आम्हांस दोन मुठी खिळे, बैलाचे तीन नाल, एक कुलूप आणि एक झिजलेली दुदांडी शिवराई मिळाली. शिवराई हातांत येतांच अण्णा लहान मुलासारखे हांसले. कोणा घाटावरच्या वाणसौद्यांतून ती या अंगणांत येऊन पडली असेल!

एका परिचित गृहस्थांनीं अण्णांस भगत आणण्याचा सल्ला दिला होता. गुप्तधनाच्या नांवाखालीं महाराष्ट्रांत कोंबड्या-बकऱ्यांपासून माणसांपर्यंत बळी गेले आहेत, आणि २०१३ च्या कायद्यानें अशा अघोरी प्रकारांस बंदी केली आहे. आमच्या घरीं एका बाईचा बळी आधींच गेला होता. तो पुरे होता.

दुसऱ्या दिवशीं गोठ्याचा उत्तर कोपरा घेतला. वरची माती निवडून झाल्यावर पुतण्यानें स्पंदाच्या यंत्रास हातभर व्यासाहून मोठी चकती लावली. कोपऱ्यांत यंत्र बोललें. आम्हीं दीड फूट खणलें. नांगराचा गंजलेला फाळ निघाला. अण्णा मटकन खालीं बसले. "म्हणजे १९५१ सालींही हेंच झालें असणार," ते म्हणाले; आणि क्षणभरानें, आमच्याकडे न पाहतां, "कीं काकूनेंच…" एवढें बोलून थांबले. पंचाहत्तर वर्षांचा संशय त्या अर्ध्या वाक्यांत अजून जिवंत होता.

तेवढ्यांत पुतण्या चौथऱ्याचे दगड पायानें मोकळे करीत होता. तो म्हणाला, "काका, हे दोन गोठे आहेत." खरेंच, बाहेरच्या घडीव दगडांच्या रांगेच्या आंत, चार हात अलीकडे, ओबडधोबड दगडांची दुसरी रांग मातींत बुडालेली होती. आम्हीं तेथूनच पेणला टेलिफोन केला. आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हो रे! वादळांत गोठा पडला होता. अप्पांनीं नवा बांधला तो मोठा बांधला. मी तेव्हां अकरा-बारा वर्षांची असेन." आजीनें पुरलें तें जुन्या गोठ्याच्या कोपऱ्यांत, पुरुषांनीं खणलें तें नव्या गोठ्याच्या कोपऱ्यांत. मरणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढें तिचाच गोठा उभा होता.

आंतल्या रांगेच्या उत्तर कोपऱ्यावर चकती धरतांच सूर असा स्वच्छ व रुंद उठला कीं यंत्राची भाषा न जाणणाऱ्या आम्हांसही तो कळला. पहार बाजूला ठेवून खुरप्यानें आणि हातानें माती काढली. सुमारें सव्वादोन फुटांवर हिरवट काठ दिसला. चरवीवर बांधलेलें फडकें केव्हांच कुजून गेलें होतें. आंतील रुपये मात्र सुटे राहिले नव्हते. रुपयांतील तांबें आणि चरवीचें तांबें यांच्या हिरव्या गंजानें ते एकमेकांस व भांड्यास असे जखडले होते कीं सारा एकच गोळा झाला होता. पुरल्या दिवसापासून त्या चरवींत कोणाचा हात गेलेला नव्हता हें सांगण्यास कोणा पंचाची जरूर नव्हती.

अण्णा पुष्कळ वेळ त्या खड्ड्याकडे पाहत उभे होते. मग त्यांनीं पायांतील जोडे काढले आणि हात जोडले. कोणास, तें आम्हीं विचारलें नाहीं.

गोळा फोडूं नये, घांसूं नये, चिंचेनें तर मुळींच धुऊं नये, असें पुतण्यानें बजावलें. घांसलेल्या नाण्याची चांदी उरते, इतिहास जातो. आणि घरींही नेतां येत नव्हता. १८७८ चा निखात-निधीचा कायदा आजही चालू आहे. जमिनींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन सांपडलें तर सांपडविणारानें तें काय आहे, कोठें व केव्हां सांपडलें, हें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविलें पाहिजे व तें सरकारी खजिन्यांत ठेवलें पाहिजे किंवा त्याबद्दल जामीन दिला पाहिजे. न कळविल्यास हिस्सा जातो आणि वर्षभर कैदही होऊं शकते. धन शंभर वर्षांच्या आंत पुरलेलें असून पुरणाराचे वारस पुढें आले तर दिवाणी न्यायालयांत हक्क शाबीत करण्याची वाट आहे. बेवारस ठरल्यास, निराळा करार नसेल तर तीन हिस्से सांपडविणारास व एक हिस्सा जागेच्या मालकास जातो. आम्हीं त्याच दिवशीं छायाचित्रें काढलीं, तलाठ्यास बोलावलें आणि अलिबागेस जिल्हाधिकाऱ्यांच्या नांवें अर्ज लिहिला. चरवी आतां सरकारी खजिन्यांत आहे व चौकशी चालू आहे. आंत किती रुपये आहेत तें आम्हांस अजून ठाऊक नाहीं. अण्णांनींही पुन्हा वांटणीचा विषय काढलेला नाहीं.

परततांना पेणला उतरलों. आत्याबाई ओटीवर बसून होत्या. पुतण्यानें त्यांना छायाचित्र दाखविलें. त्यांनीं चष्मा पुसला, हिरव्या गोळ्याकडे निरखून पाहिलें आणि विचारलें, "कोणीं हात लावलेला नाहीं ना?" "नाहीं, आत्याआजी. कोणींच नाहीं." त्या उठल्या, देवघरांत गेल्या आणि कोनाड्यांतील काकूच्या तसबिरीसमोर एक जुनी किल्ली ठेवून आल्या. रोह्याच्या कोठीची. ती त्यांच्याकडे कधीं व कशी आली तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं.

यंत्रांविषयीं विचारणाऱ्या स्नेह्यांस आम्ही आतां एवढेंच सांगतों. खारट ओली जमीन असेल तर अनेक वारंवारतांचें यंत्र घ्यावें. भाजलेली, लोहाची जमीन असून वस्तु मोठी व खोल असेल तर स्पंदाचें घ्यावें आणि लोखंड खणून काढण्याची तयारी ठेवावी. खिळ्यांनीं भरलेल्या अंगणांत लहान चकती बरी. पण सर्वांत आधीं घरांतील म्हाताऱ्या माणसांस विचारावें कीं गोठा पूर्वीं कोठें होता. तो एक प्रश्न १९५१ सालीं कोणीं चौदा वर्षांच्या मुलीला विचारला असता, तर यंत्रही लागलें नसतें, आणि एका बाईच्या कमरेवरच्या किल्ल्या कमरेवरच राहिल्या असत्या.